जमिनीला न लागलेले पाय

विमलाबाई गुप्त्यांच्या दारात कोलंबी सोलता सोलता शेवंतीचा हात थांबला. आत टीव्हीवर अंतराळातला एक धडधाकट माणूस डोकं खाली, पाय वर असा तरंगत दात घासत होता. दुसऱ्यानं पाण्याचा गोळा हवेत सोडला आणि पुढे होऊन तोंडानं गट्टम केला. तिसरा भिंतीला टांगलेल्या पिशवीत शिरून, स्वतःला पट्ट्यांनी बांधून झोपला होता. नाहीतर झोपेत तरंगत जाऊन कुठेतरी आपटला असता, असं विमलाबाईंनी सांगितलं. त्या शाळेतून निवृत्त झाल्या होत्या, पण समजावून सांगायची खोड काही निवृत्त झाली नव्हती. कळव्याहून नौपाड्यात मासळी विकायला येणाऱ्या शेवंतीला या घरून पैशांबरोबर थोडं विज्ञानही न्यावं लागे.

शेवंतीला हसू आलं. वजन नाही, ओझं नाही, डोक्यावर पाटी नाही. असं जगायला मिळालं तर कोण नको म्हणेल?

मग यान जमिनीवर उतरल्याचं दाखवलं. महिनोन् महिने वर राहिलेला तोच दात घासणारा माणूस बाहेर आला, पण स्वतःच्या पायांनी नाही. लोकांनी त्याला खुर्चीत बसवून उचललं आणि मांडीवर घोंगडी टाकली. मान उचलणंसुद्धा त्याला जड जात होतं.

"पडला का वो तो? काय मोडला त्याचा?" शेवंतीनं विचारलं.

"काही मोडलेलं नाही," विमलाबाई म्हणाल्या. "इतके दिवस पायांवर भारच पडला नाही ना. वर ते रोज व्यायाम करतात, तरी ही गत होते. भार नसला की पाय झिजतात."

शेवंतीला घर आठवलं. तिच्याही घरी एक माणूस तरंगत होता.

तो म्हणजे तिचा नवरा, दामाजी. दिवाळीच्या तोंडावर कळव्याच्या खाडीत होडी आणि धक्क्याच्या मध्ये सापडून त्याचा पाय मोडला. हाड जुळलं, प्लास्टर निघालं, डॉक्टरांनी चालायला सांगितलं. पण त्याआधीच त्याची आई जनाबाई एकवीरा आईला नवस बोलून बसली होती. चैत्रात कार्ल्याच्या पायऱ्यांना लागेपर्यंत पोराचा पाय जमिनीला लावायचा नाही. त्यामुळे दामाजी खाटेवरच. आंघोळीला थोरला भाऊ नाथा उचलून नेई, ताट हातात मिळे, पाण्याचा तांब्या तोंडाशी येई. नवरदेवासारखी बडदास्त होती आणि पोटऱ्या मात्र सुक्या बोंबलासारख्या झाल्या होत्या. त्याला माजिवड्याच्या एखाद्या कंपनीत बसून करायचं काम मिळतं का, म्हणून जनाबाई चौकशीही करत होती. अशक्तपणा आहे, जाईल, असं सगळेच म्हणत. शेवंतीही तेच म्हणत आली होती.

संध्याकाळी तिनं सासूला टीव्हीवरच्या माणसाचं सगळं सांगितलं. चैत्राला अजून दोन महिने आहेत, तोवर दामाजी कायमचा खाटेला खिळेल, हेही तोंडावर सांगितलं. नवस मोडायची मात्र तिची छाती नव्हती. देवीचा कोप झाला तर तो दामाजीवरच होणार. म्हणून तिनं मधला मार्ग काढला, त्याला पाटावर उभं करू. पाटाखाली जमीनच, जनाबाई म्हणाली. मग खाटेखाली काय आहे, असं शेवंतीनं विचारल्यावर, खाटेवर माणूस निजतो, उभा राहत नाही, असं उत्तर आलं. नवसाच्या बाबतीत जनाबाईपुढे वकीलही टिकला नसता. शेवंती रडायला लागली.

तेव्हा दामाजीनं स्वतःच पायांवरची चादर बाजूला केली.

"आये, बग तरी," तो म्हणाला. "हे पाय माजे वाटतात का तुला?"

जनाबाईनं पोटरीवरून हात फिरवला. पोटरी तिच्या मुठीत मावली. त्या रात्री ती जेवायला बसली नाही.

दुसऱ्या दिवशी भरती भरल्यावर तिनं नाथाला हाक मारली आणि दामाजीला होडीत न्यायला सांगितलं. नाथा बघतच राहिला. अपघातापासून होडी धक्क्याला बांधून होती आणि जनाबाई तिच्याकडे ढुंकूनही बघत नसे. होडीखाली जमीन नाही, पाणी आहे, एवढंच ती म्हणाली.

नाथानं भावाला उचलून होडीत उतरवलं आणि काखेत हात घालून धरून ठेवलं. दामाजीचे तळवे फळीला टेकले. गुडघे लटपटले आणि तो मटकन खाली बसला. पुन्हा उठायला बघितलं, पुन्हा बसला. बराच वेळ हेच चाललं. मग एकदा नाथानं हळूच हात सैल केले, तरी दामाजी उभाच राहिला. घामानं डबडबला होता, पण हसत होता. प्लास्टर निघाल्यापासून शेवंतीनं त्याला हसताना पाहिलं नव्हतं. आता हा चालणार, असं तिला वाटलं आणि जीव भांड्यात पडला.

जनाबाई धक्क्यावर पाठ करून बसली होती. शेवंतीनं जाऊन तिचे पाय धरले. नवसही राहिला आणि पायही वाचला, ही युक्ती आपल्याला जन्मात सुचली नसती, असं ती सासूला म्हणाली.

जनाबाईनं पदरानं डोळे पुसले.

"नवस पाय बरा व्हावा म्हनून केलाच नव्हता गो," ती म्हणाली. "बापाला त्याच्या या खाडीनं नेला. यानं तरी परत होडीत पाय ठेवू नये, म्हनून केलता."