पक्कं आणि कच्चं

कागद कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये हेल्वी बाकावर चढली तेव्हा लोकांचं वाटाण्याचं सूप अर्धंच झालं होतं.

"दोन वर्षं पगारवाढ नाही," ती म्हणाली. "संपही नाही. सरकार बेकारभत्त्याला हात लावणार नाही आणि मालक कुणाला घरी बसवणार नाहीत. काल हेलसिंकीत तिघांनीही सह्या केल्या. युनियनतर्फे मी केली."

जरा हळूहळू सांगायचं, असं तिनं गाडीत ठरवलं होतं. समोर सगळे ओळखीचे चेहरे पाहिले आणि ते जमलं नाही.

"कुणाला घरी बसवणार नाहीत, असं लिहिलंय?" वेइकोनं विचारलं. अठरा वर्षं दोघांनी एकाच यंत्रावर काढली होती.

"तसा प्रयत्न करतील, असं लिहिलंय."

"आणि आपलं? आपणही वाढ न मागण्याचा प्रयत्नच करायचा ना?"

हशा पिकला. हेल्वी हसली नाही. "नाही. आपलं पक्कं लिहिलंय."

"मग सही कशाला ठोकलीस, बाई?"

"नसती केली, तर सरकारनं तसा कायदाच केला असता. मग भत्ताही गेला असता. बाहेरच्या बेकारांच्या रांगा बघतोयस ना तू?"

वेइकोनं सूपाचा वाडगा बाजूला सारला. मग त्यानं मंजुरीसाठी हात वर केला. "तू म्हणतेस म्हणून. त्या कागदावर माझा काडीचा विश्वास नाही."

एकेक करत बाकीचेही हात वर झाले. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं, असं हेल्वीला वाटलं.

दाराशी टाळ्या वाजल्या. कारखान्याचे संचालक लुंडेल एकटेच वाजवत होते. काल सह्यांच्या वेळी ते मालकांतर्फे तिच्या समोरच्याच खुर्चीत होते. हात पुढे करत ते टेबलांमधून आले. हेल्वी खाली उतरली. सगळ्यांच्या देखत तिनं तो हात हातात घेतला.

"छान सांभाळलंत," लुंडेल हसऱ्या चेहऱ्यानं तिच्या कानाशी पुटपुटले. "तिसरं यंत्र मात्र मे महिन्यात बंद करावं लागेल. चाळीसेक माणसं जातील. एवढ्यात बोलू नका."

ते हात मागे घ्यायला गेले. हेल्वीच्या मुठीतून तो सुटेना.

"हे मोठ्यानं सांगा," हेल्वी म्हणाली.

लुंडेल अजून हसतच होते. हात हलकेच ओढून पाहत होते.