बेमालूम रफू

हॉलमधली सभा आटोपून मॅडम आणि त्यांचे सात विद्यार्थी वर्गात परतले, तेव्हा टेबलावर चार टोप्या ओळीने मांडलेल्या होत्या. झटकून पुसलेल्या, इस्त्री फिरवलेल्या, काठ सरळ, टाके एकसारखे. कुठल्याही गिऱ्हाइकाने बघताक्षणी घालून पाहिल्या असत्या.

सकाळी या नुसत्या टोप्या नव्हत्या. टोपीवरून सुचलेली कलाकृती, असं त्यांचं नाव होतं. कुणी टोपी फाडून तिच्यात तारा ओवल्या होत्या, कुणी अस्तर बाहेर ओढून त्यावर रंग थापला होता आणि कागद चिकटवले होते. आठ आठवड्यांचं काम. तीन वाजता बाहेरचे परीक्षक येऊन त्याला गुण देणार होते, आणि वर्षाचा निकाल त्यावरच ठरणार होता. आता अडीच वाजले होते.

टेबलामागे मॅडमचे वडील बसले होते. उभा जन्म टोप्या शिवण्यात गेलेला, पण दुकान बंद झाल्यापासून दोन्ही हात मांडीवर ठेवून बसून असायचे. एरवी त्यांच्याकडे लक्ष ठेवणाऱ्या शेजारच्या वहिनी आज नव्हत्या, म्हणून मॅडमनी त्यांना बरोबर आणलं, खुर्ची दिली, पंखा लावला आणि दोन तास पार विसरून गेल्या.

"पोरांनी अगदी हाल केले होते गं यांचे," ते म्हणाले. "चार झाल्या. राहिलेल्या तीन चहा झाला की घेतो."

ज्यांची कामं वाचली होती त्या तिघांनी ती पटकन उचलून छातीशी धरली. वडिलांच्या खिशाला सुया टोचलेल्या होत्या, गळ्यात टेप लटकत होती, आणि चेहरा असा उजळला होता की दोन वर्षांत मॅडमनी तसा पाहिला नव्हता. खरं तर राग यायला हवा होता. आलं ते रडू, आणि तेही विद्यार्थ्यांसमोर गिळावं लागलं.

काढलेलं सामान वडिलांनी नीट ठेवलं होतं, हे मात्र मानायला हवं. मणी बशीत, तारा गुंडाळून, रंगीत दोरे पुठ्ठ्याला वेढून. फक्त रंगवलेले कागद तेवढे कचऱ्याच्या डब्यात गेले होते. एक मुलगी डब्यापाशी बसून त्यांचे तुकडे जुळवायला लागली. गप्प राहणं ज्याला कधी जमलंच नाही असा एक मुलगा वर्गात होता. तो म्हणाला, "आजोबा, माझी तर पार नवी करून टाकलीत."

टोमणा होता. आजोबांना तो कौतुकासारखा लागला. नवी कसली, म्हणाले, पण दोन हिवाळे आरामात निघतील.

मॅडम त्यांच्या कानाशी वाकल्या. हळू आवाजात सांगून पाहिलं की हे मुलांनी मुद्दाम केलं होतं, फाडायला मीच शिकवलं होतं. वडिलांनी सगळं मन लावून ऐकलं. मग उलट त्यांनीच लेकीची समजूत काढली. शिकताना हात बिघडतोच, त्यात लाजायचं काय, पहिल्या वर्षी मीही असंच करून ठेवायचो. बोलता बोलता त्यांनी शेजारच्या मुलाच्या हातातली टोपी ओढली. मॅडमनी ती सोडवून घेतली आणि त्यांच्या हातात पाण्याचा ग्लास दिला.

शिपाई दारातून सांगून गेला की परीक्षक आलेत, ऑफिसात चहा घेताहेत.

मग जो तो कामाला लागला. कुणी नुकते घातलेले टाके उसवत होतं, कुणी तारा परत ओवत होतं. वडील ग्लास हातात धरून बघत राहिले. जरा बावरले होते. त्यांच्याकडे बघायचं धैर्य मॅडमना होईना.

खिडकीपाशी एक मुलगी नुसतीच उभी होती. मागच्या वर्षी ती याच विषयात नापास झाली होती. तिच्या हातात राखाडी, लोकरी कापडाची टोपी होती. तापलेली सळई लावून तिने टोपीला रुपयाएवढं भोक पाडलं होतं, आणि आसपास दुसरं काही ठेवलं नव्हतं. ते भोक हेच तिचं काम. मनासारखं जमेपर्यंत तिने पाच टोप्या जाळल्या होत्या. वडिलांनी त्याच टोपीच्या आतल्या दुमडीतून धागे उपसून ते भोक विणून बुजवलं होतं, उभा धागा उभ्याला, आडवा आडव्याला.

मॅडम तिच्याजवळ गेल्या आणि कात्री पुढे केली. सळई तापवायला वेळ नव्हता. "काप," त्या म्हणाल्या. "होतं तिथेच काप. मी बोलते परीक्षकांशी."

मुलीने कात्री घेतली. टोपी उजेडात धरली, फिरवली, उलटी करून आतून पाहिली, बोट फिरवून पाहिलं. तिचे डोळे भरून आले होते.

"कुठे होतं तेच कळत नाहीये, मॅडम."

हे मात्र वडिलांच्या कानावर गेलं. त्यांचा चेहरा पुन्हा खुलला. ग्लास खाली ठेवून ते उठले, टेबलाला धरत धरत खिडकीपर्यंत आले आणि मुलीच्या खांद्यावर हात ठेवून उभे राहिले.

"नाही सापडायचं, पोरी," ते म्हणाले. "आजवर कुणालाच सापडलेलं नाही."