जवसाचं तेल

शाळेच्या सभागृहातल्या पाच तैलचित्रांपैकी चार आटलेल्या तळ्याच्या तळासारखी तडकली होती. पाचव्यावरून मुख्याध्यापकांनी हलकेच बोट फिरवलं. "बाई, हे तेवढं कसं शाबूत राहिलं?"

निवृत्त चित्रकलाशिक्षिका दाणीबाई गालात हसल्या. ते त्यांनीच काढलं होतं.

तीस वर्षांपूर्वी वर्धापनदिनासाठी संस्थापकांचं हे चित्र आठ दिवसांत हवं होतं. "रंग लवकर सुकवणारं ड्रायर ओता, पण वेळेवर द्या," असं संस्थेच्या अध्यक्षांनी बजावलं होतं. बाईंनी ऐकलं नाही. खालचा थर टर्पेंटाइननं पातळ करून लावला, तो पुरता वाळू दिला, मग वरच्या प्रत्येक थरात जवसाचं तेल थोडं थोडं वाढवत नेलं. चित्र दोन महिने उशिरा आलं. अध्यक्षांनी त्यांना भर सभेत फैलावर घेतलं आणि उरलेली चार चित्रं शहरातल्या एका चटपटीत चित्रकाराला दिली. त्यानं ती पंधरवड्यात उरकली. वरचं सुकलं, आतलं ओलंच राहिलं.

"ही चारही नव्यानं काढून द्याल?" मुख्याध्यापकांनी विचारलं. "पुढच्या महिन्यात अनावरण ठरलंय."

बाईंनी चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "देईन की. पण वर्ष लागेल. तेल कुणाच्या हुकमानं वाळत नाही, सर."

मुख्याध्यापकांनी त्या पाचव्या चेहऱ्याकडे पुन्हा एकदा पाहिलं. मग खिशातलं पेन काढलं आणि हातातल्या निमंत्रणपत्रिकेवरची तारीख खोडली.