काशीबाईची रेंज

दुसरा राउटर पडवीत कशाला, ते सुशांतला कळेना.

घर तीन खोल्यांचं, राहणारी बाई एकटी. माजघरातल्या एका राउटरची रेंज स्वयंपाकघर सोडून पार न्हाणीपर्यंत पोचत होती. तरी विमलाबाई पडवीच्या कोपऱ्यातल्या खांबाकडे बोट दाखवून उभ्या होत्या. त्या खांबापुढे अंगण, अंगणाच्या कडेला चिऱ्यांचा कमरेएवढा गडगा, आणि गडग्यापलीकडे त्यांच्या धाकट्या बहिणीचं, आनंदीचं घर.

सुशांतने केबल पडवीपर्यंत ओढली, दुसरा राउटर खांबाला ठोकला आणि मोबाइलवर सेटिंग उघडलं. बाईंना पडवीतलं नेटवर्क घरातल्यापेक्षा वेगळं हवं होतं. आणि त्याला पासवर्ड नको होता.

"पासवर्ड नसलो तर आख्खी वाडी हंय येवन बसतली, बाई," तो म्हणाला.

"ह्या टोकाक कोण येता? बसले तर बसांदेत."

नेटवर्कला नाव काय द्यायचं, असं त्याने विचारलं. विमला म्हणाली, काशीबाई. ते तिच्या आईचं नाव. सुशांतने ते इंग्रजी अक्षरांत टाकलं, तिच्या फोनवर उमटलेलं दाखवलं आणि शिडी उचलून तो ओरोसला परत गेला.

आनंदीचं लग्न शेजारच्याच घरात झालं, तेव्हा काशीबाईला केवढा आनंद झाला होता. एक लेक शिक्षिका होऊन घरातच राहिली, दुसरी हाकेच्या अंतरावर. पण काशीबाई अंथरुणाला खिळली आणि सगळं बिनसलं. आनंदीने तिला गोव्याच्या मोठ्या इस्पितळात न्यायचा हट्ट धरला. म्हातारीला घर सोडायचं नव्हतं. तिने विमलाचा हात धरून तसं सांगितलं आणि विमलाने तिचं ऐकलं. त्याच आठवड्यात ती गेली. माणसं अंगणात जमलेली असताना आनंदी सगळ्यांसमोर म्हणाली, "तूच आवशीक मारलंस."

त्यानंतर गडग्यावरून शब्द गेला नाही. ना वाटीभर आमटी, ना फणसाचे गरे. लग्नकार्यात दोघी वेगवेगळ्या पंगतीला बसायच्या.

वाडी खोलगट जागेत. मोबाइलला रेंज मिळायची ती देवळाकडच्या घाटीवर. आनंदीची लेक तन्वी डब्लिनला गेल्यापासून आनंदी रोज संध्याकाळी तिच्याशी बोलायला घाटी चढायची. गुडघा धड नव्हता. एकदा ती अर्ध्या वाटेवर दगडावर बसून गुडघा चोळताना विमलाला दिसली. दुसऱ्या दिवशी विमलाने सकाळीच घाटी चढून सुशांतला फोन केला.

राउटर लागला, तरी पहिले चार दिवस काहीच झालं नाही. आनंदी घाटीच चढत राहिली. विमलाला वाटलं, हिला कळणार तरी कसं? सांगायचं कोणी?

मग एका संध्याकाळी आनंदी घाटीकडे गेली नाही. फोन हातात घेऊन ती गडग्याशी आली आणि रतांब्याच्या झाडाखाली, कपडे धुवायच्या दगडावर बसली. आपण बघतोय हे दिसलं तर उठून जाईल, म्हणून विमला चटकन आत गेली आणि दारामागे उभी राहिली.

आनंदी दुसऱ्या दिवशीही आली. मग रोजच येऊ लागली. हळूहळू विमलाही पडवीत भाजी निवडत बसायला लागली. दोघी एकमेकींकडे पाहत नसत. आनंदीचा खोकला ऐकू येई. तिने केस किती पिकू दिलेत, ते विमलाने मान खाली घालूनच पाहून घेतलं. एके दिवशी आनंदी आली नाही, तेव्हा विमलाला जेवण गेलं नाही.

कधी कधी आनंदीचा फोन मांडीवर उपडा पडलेला असायचा. तन्वीच्या मुलाचे व्हिडिओ उतरायला वेळ लागत असणार, असं विमलाला वाटलं. तिने सुशांतला सांगून स्पीड वाढवून घेतला.

आणि मग वांदरांनी वायर तोडली. दोन्ही राउटरवर लाल दिवे लागले. विमलाने घाटीवर जाऊन फोन केला, तर सुशांत कुडाळला दुसऱ्या कामात अडकला होता. आता ही पुन्हा घाटी चढणार, या विचाराने विमलाला काही सुचेना. पण संध्याकाळी आनंदी दगडावर येऊन बसलीच. बिचारी रेंजची वाट बघतेय, असं विमलाला वाटलं. पुढच्या संध्याकाळीही ती आली. तेव्हा मात्र विमलाला राहवेना. ती तांब्या घेऊन जास्वंदीपाशी गेली, झाडाला पाणी घालता घालता झाडालाच सांगावं तसं म्हणाली, "वांदरांनी वायर तोडल्यानी. सुशांत उद्या येतलो."

तांब्या रिकामा झाला तरी विमला तशीच वाकून होती.

"बरा," गडग्यापलीकडून आलं.

सुशांत दुसऱ्या दिवशी उन्हं उतरल्यावर आला. त्याने वायर जोडली. आधी पडवीतलं बघ, असं विमलाने त्याला बजावलं. गडग्याकडे पाऊल वाजलं होतं. आनंदी नेहमीसारखी दगडावर टेकत होती.

सुशांत मोबाइलवर जोडलेल्या फोनांची यादी पाहत म्हणाला, "बाई, ह्या पडवेतला बंद करूया काय? ह्येच्यार आजपर्यंत एकव फोन जोडलो नाय."

"नीट बघ," विमला आवाज खाली आणून म्हणाली. "आनंदी रोज थंय बसता, ती ह्येच्याचसाठी."

"काकी?" सुशांतने मान वर केली. "तेंका ह्येचो काय उपेग? तुमका लाइन दिली त्याच आठवड्यात तन्वीन थंयसून फोन करून तेंच्या घरात आमचीच लाइन घेतल्यान. पाठच्या रस्त्यान वायर घातलंय मीच. तेंच्या माजघरात तुमच्यापेक्षा फास्ट चलता."