पालथा कप

"ही नको. बर्फावरची वाच," अंकित म्हणाला.

"ती बोअर आहे, बाबा. ही आपली आहे."

सेलूच्या वाचनालयात मुलांचं कविसंमेलन सुरू होतं. कॅनडात जन्मलेली चौदा वर्षांची पौर्णिमा सुट्टीत आजोबांकडे, श्रावणआबांकडे, आली होती. पुढचं नाव तिचंच होतं. अंकितनं तिची कविता आत्ताच, खुर्चीत बसल्या बसल्या, मोबाइलवर वाचली होती.

"काऊन अडवून राह्यला तिले?" पलीकडून श्रावणआबांनी विचारलं.

"आबा, कप धुवायचं लिहिलंय तिनं."

आबांनी समोर पाहिलं. पहिल्या रांगेत त्यांच्याच वयाची, गावातली जुनी मंडळी बसली होती.

"तुनं तिले सांगतलं नाई?"

"काय सांगू? चांगली सवय आहे म्हणून सांगितलं."

"आता कॅनडाची पाहुणी!" सूत्रसंचालन करणाऱ्या सरोजिनीबाईंनी पुकारलं. "जोरात वाच गं, आमचे पंखे मधे मधे बोलतात."

सगळे हसले. अंकितनं तिचा हात धरला.

"जाऊ दे तिले," आबा म्हणाले.

पौर्णिमा वाचू लागली:

"चहा संपला की बाबा उठतात,
कप धुतात, पालथा ठेवतात.
दुसऱ्याच्या घरीसुद्धा.
मीही धुते.
मैत्रिणीची आई म्हणते, राहू दे.
मी सांगते, आमच्या गावाला
असंच प्रेम करतात."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. पहिल्या रांगेतले हात मांडीवरच होते. सरोजिनीबाईंनी माइकसाठी हात पुढे केला, पण पौर्णिमानं तो सोडला नाही.

"आबा, बरोबर आहे ना? इथे सगळे असंच करतात ना?"

अंकित उठू लागला. आबांनी त्याच्या खांद्यावर हात दाबून त्याला बसवलं आणि स्वतः उभे राहिले.

"सगळे नाई, बेटा. आमच्या वेळेस हॉटेलात आमचे कप अलग राहत. चहा पेला का आमचे आमीच धुवाचे, पालथे ठेवाचे. बाकीचे तसेच ठेवून जात." त्यांनी अंकितकडे पाहिलं. "तुह्या बापाले म्याच शिकवलं. मार नोको खाऊ म्हनून."

पौर्णिमानं पहिल्या रांगेकडे पाहिलं. मग बापाकडे. माइक अजून तिच्या तोंडाशीच होता.

"पण बाबा," ती म्हणाली, "कॅनडात तर आपण कोण ते कुणालाच माहीत नव्हतं."