किनुच्या छपरावर

"आजोबा, आधी खाली उतरा!" नगरपालिकेचा ओनोदेरा खालून ओरडत होता. "दोरी नाही, हेल्मेट नाही. पडलात म्हणजे?"

"तुझ्या बापाला छपरावरचा बर्फ काढायला मी शिकवलंय," म्हणत शोसाकुनं फावडंभर बर्फ नेमका त्याच्या बुटांपाशी टाकला.

रात्रभरच्या बर्फानं किनुच्या घराचे वासे सकाळपासून करकरत होते. एकट्या म्हातारीचं घर. नगरपालिकेची गाडी दोन हेल्मेटवाले घेऊन दारात आली, तर शेजारचा शोसाकु स्वतःचं छप्पर तसंच सोडून हिच्या छपरावर आधीच हजर. किनुचा नवरा गेल्यापासून तो दर हिवाळ्यात असाच, न विचारता चढायचा. उत्तर जपानातल्या अकिताच्या डोंगरातली ती सगळी वाडी न्याहारी टाकून रस्त्यावर आली होती. असा तमाशा ऐन थंडीत फुकट कुठं मिळतो!

"कुणी बोलावली ही गाडी?" शोसाकुनं वरून विचारलं.

"मी," किनु म्हणाली.

फावडं थांबलं.

ओनोदेरा कात्रीत सापडला. पोरगा भला होता, पण नियम म्हणजे नियम. "आजी, ज्यांचा बर्फ काढायला कोणी नाही, त्यांच्यासाठीच ही सोय आहे. तुम्ही फोनवर म्हणालात, माझं कोणी नाही. मग हे वर कोण?"

"हां, सांगा वहिनी!" शोसाकुचा आवाज चढला. "मी कोण? भूत?"

'आहे' म्हणाली तर गाडी परत जाणार, 'नाही' म्हणाली तर माणूस तुटणार.

किनु लालबुंद झाली. "भावजी, तुम्ही बर्फ काढायचा नि मी मुळ्याचं लोणचं पाठवायचं. रिकामा डबा परत कसा द्यायचा, म्हणून तुम्ही त्यात अळंबी घालायची. अळंबी आली, की मला पुन्हा काहीतरी करणं आलं. आमचे हे गेल्यापासून हेच चाललंय. औंदा रानडुकरांनी शेतात एक मुळा ठेवला नाही. या हिवाळ्यात तुम्ही वर चढलात, की मी आपली दाराआड लपून बसते. तोंड कसं दाखवू?"

"म्हणजे मी लोणच्यासाठी चढतो होय?"

"तुम्ही नाही हो! पण मला खाली रिकाम्या हातानं उभं राहवत नाही. ही पोरं बघा. काम करतील नि जातील. त्यांच्यापुढं मान खाली घालायला नको."

गर्दीत कुणीतरी फिसकन हसलं. वासा पुन्हा करकरला, या वेळी चांगलाच. ओनोदेरानं घाबरून वर पाहिलं.

शोसाकुनं फावडं खाली फेकलं आणि शिडीवरून उतरला. नाक ओढत तो ओनोदेरासमोर उभा राहिला. त्याला लागलं होतं, हे आंधळ्यालाही दिसलं असतं.

"घे लिहून," तो म्हणाला. "हिचं कोणी नाही."

"मग तुम्ही?"

"मी रस्त्यानं चाललो होतो. शिडी दिसली, चढलो."

वाडी खो खो हसली. हेल्मेटवाले दोऱ्या बांधून सरसर वर गेले आणि किनुच्या छपरावरचा बर्फ दणादण खाली यायला लागला. पोरं टाळ्या पिटत होती, बाया छपराचा कुठला कोपरा आधी घ्यायचा ते ओरडून सांगत होत्या. शोसाकु तेवढा कंबरेवर हात ठेवून बघत राहिला.

ओनोदेराला बहुतेक वाईट वाटलं. तो शोसाकुच्या घराकडं बोट दाखवून म्हणाला, "आजोबा, तुमच्याही छपरावर छातीइतका थर आहे की. मुलगा टोकियोत ना? तुमचा बर्फ काढायला कोणी आहे का? नसेल तर अर्ज आत्ताच भरून घेतो."

शोसाकु तोंड उघडणार, तोच त्याच्याच छपरावरून बर्फाचा ढीग धाडकन अंगणात कोसळला. त्यानं फेकलेलं फावडं घेऊन किनु केव्हा तिकडं वर चढली, कुणाच्या लक्षातही आलं नव्हतं.

"आहे म्हणावं!" वरून आवाज आला. "आणि बाजूला व्हा सगळे, डोक्यात पडेल!"