सुकाणूपाशी उभा

ब्रॉनने पुन्हा रेघ ओढली आणि ती पुन्हा भलतीकडेच जाऊन चिकटली.

पडद्यावर आख्खी बोट जोडून ठेवली होती. तळ, डेक, केबिन, सुकाणूचं चाक, पुढच्या काचा, सगळं जागच्या जागी. तिला फक्त चाकाच्या मागे, डेकवर, खुर्ची अडकवायच्या खाचेचं साधं स्केच काढायचं होतं. डेक निवडला की संगणक खुशाल हो म्हणायचा. रेघ ओढली की ती हवेतल्या कुठल्याशा बिंदूला जाऊन डसायची, आणि मग लाल अक्षरांत तोच हट्ट: स्केच तयार करता येत नाही.

"खुर्चीचा पार्ट उघडलायस ना आधी? की आख्ख्या बोटीच्या असेंब्लीतच रेघोट्या मारत बसलीयेस?" डेसने मागून विचारलं.

"पार्टच उघडलाय. मी काल नाही आले या धंद्यात."

"मग डेकमध्ये काहीतरी असेल."

"डेक तू काढलायस."

 डोव्हरच्या खाडीवर डेस बापाच्या वेळेपासून ॲल्युमिनियमच्या बोटी बांधत आला होता, आणि त्याच्या डेकला नाव ठेवायची छाती त्याच्याकडे ड्रॉइंग काढणाऱ्या या ब्रॉनशिवाय दुसऱ्या कुणाला नव्हती. पण ही बोट गिऱ्हाइकाची नव्हती. लॉकीची होती, त्याच्या पोराची. तिचं ड्रॉइंग अर्धं झालं आणि लॉकी जेटीवरून खाली, होड्या ओढायच्या उतरणीवर पडला. आता केबिनचे पत्रे उद्या कापायला गेले तरच शेवंडीच्या हंगामाला बोट पाण्यात उतरणार होती. सबंध हिवाळा लॉकी शेडच्या दारात, ही खाच जिच्यासाठी होती त्या चाकांच्या खुर्चीत बसून दुसऱ्यांचे सापळे दुरुस्त करत होता. आणखी एक हंगाम असाच गेला तर पोरगा समुद्राकडे बघायचंच सोडेल, ही धास्ती डेसने घेतली होती, आणि ती खोटी नव्हती.

ब्रॉनने आपोआप चिकटणं बंद केलं. रेघ सरळ आली. चौकोन पुरा झाला. ती स्केचमधून बाहेर पडली आणि चौकोन लाल झाला.

"हे गोल गोल फिरतंय," ती म्हणाली. "खुर्ची चाकावर अवलंबून, चाक आणखी कशावर तरी, आणि ते जे काय आहे ते परत डेकवर उभं. डेस, चाकाची उंची कशावरून घेतलीस?"

"घेतली असेल कशावरून तरी."

"कशावरून?"

डेस किटलीकडे वळला. किटली आधीच उकळून गार झाली होती.

ब्रॉनने मग त्याला विचारणं सोडलं आणि लपवलेले सगळे पार्ट दाखव, अशी आज्ञा संगणकाला दिली.

चाकापाशी एक माणूस उभा होता. राखाडी, बिनचेहऱ्याचा, उंच. उजवा हात चाकावर, नजर काचेच्या बरोबर मध्यावर. गुडघ्याच्या उंचीवरून मागची फळी घेतलेली, कमरेवरून कठडा, डोळ्यांवरून काच. साऱ्या बोटीची मापं त्या एका देहावरून निघाली होती. यादीत त्याचं नाव होतं लॉकी.

"लपवला होता," डेस हळूच म्हणाला. "पुसायला हात होईना."

ब्रॉनला राग आला होता, तो तिथेच विरला.

"अशी कोण बांधतं रे बोट?" ती म्हणाली.

"मी बांधत होतो. त्याला दाराशी उभा करून मापं घेतली. लबाड टाचा वर करायचा. दोनदा ओरडलो तेव्हा कुठे खरं माप मिळालं."

दारातली ठोकाठोक थांबली होती. लॉकी उंबऱ्याच्या फळीवरून खुर्ची ढकलत आत आला आणि पडद्यासमोर थांबला. त्या राखाडी माणसाला त्याने वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पोट कमी दाखवलंयस," तो म्हणाला.

मग त्याने राखाडी माणसाकडे बोट दाखवलं.

"याच्यामुळे अडलंय?"

"हो," ब्रॉन म्हणाली. "काढला तर केबिन सगळी सुटी होईल. चाक, काच, कठडा. परत बांधावं लागेल."

"आजच्या आज होईल?"

"बसले तर होईल."

"मग काढ त्याला, बाबा. त्याला बोट नकोय. मला हवीय."

डेस खुर्ची ओढून ब्रॉनच्या शेजारी बसला. माउस त्याने तिच्याकडून मागून घेतला. राखाडी माणसावर बाण नेला, आणि मध्येच उगाच चष्मा पुसला. मग बटण दाबलं.

बोट लाल झाली. चाक हवेत लोंबकळलं, काचा निराधार झाल्या. ब्रॉनने रिकाम्या डेकवर चौकोन काढला आणि ती स्केचमधून बाहेर पडली. चौकोन जागचा हलला नाही.

"खाच झाली," ती म्हणाली. "आता डोळ्यांची उंची सांगा. तिथून वर सगळं नव्याने."

डेसने खिशातून टेप काढली. सवयीने तो पोरासमोर ताठ उभा राहिला, मग खाली वाकला, मग गुडघ्यांवर बसला. टेपचं टोक जमिनीला लावलं, पट्टी वर खेचली आणि तोंडातून निघून गेलं, "टाचा टेकव."

 

लॉकीने खाली, पायफळीवरच्या आपल्या बुटांकडे पाहिलं. मग मान वर करून समोर नजर लावली.

"टेकल्यात, बाबा," तो म्हणाला. "आकडा वाच."